फोनवरचं गाणं फाटतंय, दबतंय, पत्र्यासारखं वाजतंय? इक्वलायझरला हात लावण्याआधी आणि नंतर काय तपासायचं

अमळनेरला बसस्टँडच्या बाजूला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेले डिस्प्ले आणि न होणारं चार्जिंग सोडलं तर सगळ्यात जास्त फोन येतात ते आवाजासाठी. "मना मोबाईलना आवाज फाटस, भाऊ," असं म्हणत गिऱ्हाईक फोन काउंटरवर ठेवतं. फोन उघडून बघावं तर आत आधीच एक-दोन इक्वलायझर, सोबत एखादं आवाज वाढवणारं बूस्टर अ‍ॅप, आणि बासची (जाड आवाजाची) पट्टी टोकाला नेलेली. कुणीतरी सांगितलेलं असतं की हे टाकलं की डीजेसारखं वाजतं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. इक्वलायझर गाण्यात नवीन काही भरत नाही. गाण्यात जे आधीपासून आहे, त्यातला जाड आवाज किती ठेवायचा आणि बारीक किती, एवढंच तो ठरवतो. स्पीकरची जाळी बुजलेली असेल, जॅकमध्ये (हेडफोनची पिन घालायच्या भोकात) पिन नीट बसत नसेल किंवा गाण्याची फाईलच हलक्या दर्जाची असेल, तर कितीही पट्ट्या सरकवा, काही हाती लागत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फुकटात होणारं तपासायचं, मग अ‍ॅप, आणि फोन उघडायची वेळ सगळ्यात शेवटी.

आधी लक्षण ओळखा

"आवाज खराब आहे" एवढ्यावरून दोष सापडत नाही. खालच्यातलं तुमचं कोणतं ते बघा.

आवाज वाढवला की फाटतो, कमी केला की बरा वाटतो: बहुतेक वेळा बास जास्त चढवलेला असतो, नाहीतर रिंगर थकलेला असतो. (फोनच्या खालच्या मोठ्या स्पीकरला दुकानात आम्ही रिंगर म्हणतो.)

कमी आवाजावरही बारीक खरखर येते: रिंगरमध्ये काहीतरी गेलंय किंवा त्याचा पडदा फाटलाय.

गाणं घोंगडीखालून आल्यासारखं दबकं वाटतं: जाळी बुजली, किंवा फाईल हलकी.

हेडफोनमध्ये वाद्यं ऐकू येतात, पण गाणारा माणूस गायब होतो किंवा विहिरीतून गातोय असं वाटतं: जॅक.

एकाच कानात आवाज: वायर, जॅक किंवा सेटिंग.

ब्लूटूथवर गाणं फोनवरच्या बोलण्यासारखं चपटं येतं: हेडफोन कॉलच्या मोडमध्ये अडकलाय.

चांगलं चाललेलं गाणं मध्येच बदलतं: नेटवर्क, किंवा फोननेच इक्वलायझर बंद केला.

पट्ट्या वरखाली करूनही काहीच फरक पडत नाही: गाण्याच्या अ‍ॅपची आणि इक्वलायझरची जोडणीच झालेली नाही.

पाच मिनिटांची विभागणी

दोष गाण्यात आहे, अ‍ॅपमध्ये आहे, की फोनमध्ये, हे आधी वेगळं काढायचं. यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

सगळे इक्वलायझर बंद करा. फोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी नावाचं आवाज बदलणारं बटण किंवा तसलं काही असेल तर तेही बंद करा. आता एक गाणं तीनदा ऐका: फोनच्या स्पीकरवर, आपल्या हेडफोनवर, आणि शेजारच्याचा चांगला चालणारा हेडफोन मागून त्यावर. मग दुसऱ्या अ‍ॅपमधलं वेगळं गाणं लावा. शेवटी फोनची रिंगटोन वाजवा.

रिंगटोन स्वच्छ आणि गाणं फाटलेलं, तर रिंगर बरा आहे, गाण्यात किंवा अ‍ॅपमध्ये बघा. दोन्ही फाटतात पण हेडफोनवर सगळं छान, तर रिंगर. सगळं बंद केल्यावर फाटणं थांबलं, तर दोष तुमच्या इक्वलायझरच्या मांडणीत आहे, आणि तो घरीच सुटतो. माझ्याकडे आलेले कितीतरी फोन इथेच बरे होऊन गेलेत. त्याचे पैसे मी घेत नाही.

जाळी आणि जॅक: आपल्याकडचा कापूस

खान्देशात हे वेगळं सांगावं लागतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या निघतात, जिनिंग (कापसातली सरकी काढायचे कारखाने) सुरू होतात, आणि हवेत तंतू उडायला लागतात. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ. शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात ठेवलेल्या फोनच्या प्रत्येक भोकात हे मिश्रण जाऊन दाबलं जातं.

एकदा जिनिंगवर काम करणारा एक पोरगा आला. म्हणाला, "गानारी बाईना आवाजच येत नही, नुसता ढोल वाजस." त्याने दोन इक्वलायझर टाकून मधल्या पट्ट्या पूर्ण वर नेल्या होत्या, तरी बाई काही येईना. मी हेडफोनची पिन जॅकमध्ये घातली, तर ती शेवटचा एक-दीड मिलिमीटर आत जाईना. भिंगाखाली बघितलं तर तळाशी पांढरट करडा थर, नमदा बसावा तसा. फोन बंद केला, लाकडी टूथपिक ब्लेडने आणखी बारीक तासली आणि कडेकडेने हळूहळू तो थर सोडवला. हरभऱ्याच्या निम्म्या दाण्याएवढा कापसाचा गोळा निघाला. पिन "टक" करून बसली आणि बाई गायला लागली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा इक्वलायझरच्या मागे लागणार नाही. माईकवाल्या हेडफोनच्या ३.५ मिमीच्या पिनेवर चार पट्टे असतात: डावा, उजवा, सगळ्यांचा सामाईक परतीचा मार्ग, आणि माईक. पिन अर्धवट बसली की परतीचा मार्ग तुटतो. मग तुम्हाला डावा आणि उजवा आवाज वेगवेगळा न मिळता दोघांतला फक्त फरक ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो एकमेकांत वजा होऊन जातो. बाजूला पसरलेली वाद्यं तेवढी उरतात. जो आवाज कानापर्यंत पोचतच नाही, तो कोणती पट्टी वर आणणार?

याच लक्षणाचं दुसरं कारण म्हणजे हेडफोनची न जुळणारी जोडणी. काही जुन्या हेडफोनवर माईक आणि परतीच्या मार्गाची जागा उलटी असते. ओळखायचं सोपं: वायरवरचं बटण दाबून धरा. दाबल्यावर गाणारा परत आला आणि सोडल्यावर गेला, तर जोडणी जुळत नाही. तो हेडफोन त्या फोनला चालायचा नाही, दुसरा घ्या.

खालच्या जाळीसाठी कोरडा, मऊ, जुना टूथब्रश पुरतो. फोन उलटा धरा, जाळी जमिनीकडे ठेवा, म्हणजे निघालेली घाण खाली पडेल. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. सुई, पिन, सेफ्टी पिन तर अजिबात नको. चार्जिंगच्या दोन्ही बाजूंना सारखीच भोकं दिसतात, पण बऱ्याच फोनमध्ये एका बाजूला रिंगर आणि दुसऱ्या बाजूला माईक असतो. सुई घातलेले माईक मी पुष्कळ बदललेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण फोन आला तेव्हा तो माईक ठणठणीत होता.

वरचा, कानाला लावायचा स्पीकरही साफ करा. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये गाण्यासाठी तोही वाजतो. तिथे चेहऱ्याचं तेल आणि पावडर बसते, आणि एकीकडचा आवाज दबला की सगळं गाणं एका बाजूला कललेलं वाटतं. स्क्रीनगार्ड त्या जाळीवर चढलंय का, मागचं कव्हर खालची भोकं झाकतंय का, तेही बघा. कव्हर काढून गाणं लावायला काही खर्च येत नाही.

सेटिंगमधली विसरलेली बटणं

सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. तिथे डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, ती बरोबर मध्ये हवी. घरातल्या पोरांच्या हाताने ती सरकते आणि वर्षभर कुणाला कळत नाही. शेजारीच मोनोचं बटण असतं. एका कानाने ऐकणाऱ्यांना ते फार उपयोगी, पण बाकीच्यांसाठी चालू राहिलं तर दोन्ही कानात एकच आवाज जातो आणि गाण्याची रुंदी संपते.

मग मोजा, आवाजात ढवळाढवळ किती ठिकाणी चाललीये. फोनचा स्वतःचा इक्वलायझर, डॉल्बी, गाण्याच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर, बाहेरून टाकलेला इक्वलायझर, ब्लूटूथ हेडफोनच्या कंपनीचं अ‍ॅप, आणि स्पीकरवरचं बासचं बटण. हे सगळे एकमेकांवर चढतात. प्रत्येकाने बास ४ डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप) वाढवला आणि असे तिघे असले, तर बेरीज १२ होते. एकच ठेवा. कोणता ते तुमच्या सोयीने, पण एकच. आवाज "२०० टक्के" करणारी बूस्टर अ‍ॅप काढूनच टाका.

गाण्याची फाईल

इथे थोडक्यात हिशोब सांगतो. चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसचं (दर सेकंदाला गाण्याची किती माहिती साठवली त्याचं माप) असेल तर फाईल साधारण साडेनऊ एमबीची होते, १२८ चं असेल तर पावणेचार, आणि ६४ चं असेल तर दोनच्या आत. फाईलची माहिती उघडून आकार बघा. दोन एमबीच्या गाण्यातले झांजेचे, टाळाचे, बासरीच्या फुंकरीचे बारीक आवाज फाईल बनवतानाच गेलेले असतात. त्या गाण्याला ३२० मध्ये बदलून देणारी अ‍ॅप फक्त फाईल फुगवतात. गेलेला आवाज परत येत नाही.

अहिराणी गाण्यांचं दुखणं जास्त आहे. लग्नातली, कानबाईची (आपल्या खान्देशातली देवी) कितीतरी गाणी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, मग कुणाच्या स्टेटसवरून उचललेली, तिथून पुन्हा रेकॉर्ड केलेली. दर हाताला थोडं थोडं झिजतं. अशा गाण्याची जी सगळ्यात जवळची, मूळची फाईल मिळेल ती शोधा. गावात कुणाकडे तरी ती कॅसेट किंवा सीडी असतेच. या शोधात गेलेला एक तास इक्वलायझरवर घालवलेल्या महिन्यापेक्षा जास्त देऊन जातो.

नेटवरून ऐकत असाल तर अ‍ॅपमधली क्वालिटी बघा. स्पॉटिफायवर सगळ्यात खालची पातळी साधारण २४ केबीपीएसची आहे आणि "व्हेरी हाय" ३२० ची. ऑटोमॅटिकवर ठेवलं की नेटवर्कप्रमाणे ती बदलते. सुरत-भुसावळ लाईनवर गाडीत बसून ऐकणाऱ्याला हे लगेच जाणवेल. स्टेशन मागे पडलं, रेंज उतरली की गाण्यातलं तेज जातं. फोन बिघडलेला नसतो. घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या. ३२० वर तासाला साधारण १४४ एमबी जातात, त्यामुळे डेटा मोजून वापरणाऱ्यांसाठीही हाच मार्ग बरा.

ब्लूटूथ

गाणं फोनवरच्या बोलण्यासारखं चपटं येत असेल तर ब्लूटूथच्या यादीत त्या हेडफोनच्या नावापुढचं सेटिंग उघडा. तिथे कॉलसाठी एक आणि मीडियासाठी एक अशी दोन बटणं असतात. मीडियाचं बंद असेल तर चालू करा. ते चालूच असेल, तर मागे एखादं अ‍ॅप माईक वापरतंय का बघा: गेममधली चॅट, ऑनलाइन क्लास, व्हॉइस टायपिंग. माईक चालू झाला की हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि जुन्या पद्धतीच्या कॉल मोडमध्ये ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका आवाज बारीक) वरचं काही जातच नाही. माणसाच्या कानाची मर्यादा धरली जाते २० ते २०,००० हर्ट्झ. यावरून किती गळतं ते लक्षात येईल.

एवढं करून जमलं नाही तर जोडणी विसरायला लावा, म्हणजे "फर्गेट" करा, आणि नव्याने जोडा.

आता इक्वलायझर

वरचं सगळं झाल्यावर जो फरक उरतो तो खरा इक्वलायझरचा. इथे मन लावून थोडा वेळ द्या, कारण चांगला लावलेला इक्वलायझर खरंच आनंद देतो.

अँड्रॉइडवरच्या साध्या इक्वलायझरमध्ये बहुधा पाच पट्ट्या दिसतात: ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४,००० हर्ट्झ. ६० म्हणजे ढोलाची धमक, छातीत जाणवणारी. २३० वर आवाजाचा भरदारपणा असतो, आणि तो जास्त झाला की आवाज गच्च, घुमणारा होतो. ९१० वर गळ्याचा आणि हार्मोनियमचा मधला भाग. तो फार वाढला की आवाज नाकातून येतो. ३६०० वर शब्दांची धार. १४,००० वर टाळ-झांजेची चमक.

पहिला नियम: आधी कमी करून बघा, वाढवायचं नंतर. डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते आणि आजकालची बहुतेक गाणी त्या मर्यादेला टेकवूनच बनवलेली असतात. पोतं तोंडापर्यंत भरलंय, त्यात आणखी कोंबलं की शिवण उसवते. तसंच बास चढवला की लहरींचे शेंडे कापले जातात, आणि त्यालाच आपण फाटणं म्हणतो. डेसिबलचा आकडा छोटा दिसतो, पण ३ डेसिबल वाढवलं म्हणजे दुप्पट शक्ती, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दहापट. म्हणून प्रीअ‍ॅम्प नावाची (सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी) पट्टी असेल तर जी पट्टी सगळ्यात जास्त वाढवलीये, तेवढंच प्रीअ‍ॅम्प खाली घ्या. बास +५ केला तर प्रीअ‍ॅम्प −५. आवाज थोडा कमी वाटेल, तो फोनच्या बटणाने वाढवा. प्रीअ‍ॅम्प नसेल तर बास जागेवर ठेवून बाकीच्या चार पट्ट्या ३-४ ने खाली आणा. परिणाम तोच, फाटणं नाही.

दुसरा नियम फोनच्या स्पीकरपुरता, आणि तो पटायला लोकांना वेळ लागतो: ६० हर्ट्झची पट्टी पूर्ण खाली न्या. नखाएवढा तो रिंगर. तो ६० हर्ट्झ वाजवू शकत नाही, कारण त्यासाठी जेवढी हवा हलवावी लागते तेवढी त्याच्याने हलत नाही. पट्टी वर नेली की पडदा नुसता पुढेमागे आपटतो, गरम होतो, आणि बाकीचं गाणंही त्याच्यासोबत थरथरतं. ती खाली नेली की पडदा मोकळा होतो. काउंटरवर मी हे करून दाखवतो. आधी गिऱ्हाइकाच्या मांडणीवर, जिथे फाटायला लागतं तिथपर्यंत आवाज नेतो. मग ६० खाली, २३० थोडी खाली. आता तेच गाणं आणखी दोन घर वर नेलं तरी स्वच्छ राहतं. ढोलसुद्धा नीट ऐकू येतो, कारण त्याचे वरचे स्वर शाबूत असतात आणि आपला कान त्यावरून खालचा स्वर स्वतःच भरून घेतो.

म्हणून दोन वेगळ्या मांडण्या जतन करा, एक स्पीकरसाठी आणि एक हेडफोनसाठी. कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनला ६० हर्ट्झ झेपतो, तिथे २-३ ने वाढवायला हरकत नाही. पण इअरफोनमध्ये बासच नाही असं वाटलं तर पट्टीआधी रबराची टोपी बदला. ती कानात सैल बसली की बास बाहेर गळतो. सोबत तीन मापांच्या टोप्या त्यासाठीच देतात.

एखादं गाणं ऐकताना "स", "श" टोचतात का? वरची पट्टी दोनाने खाली घ्या, आणि दहा पट्ट्यांचं अ‍ॅप असेल तर ८००० ची. घरी पंखा-कूलर चालू असताना मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या कानबाईच्या गाण्यांमागे सतत घुमणारा आवाज असतो. त्याला खालच्या दोन पट्ट्या ४-५ ने उतरवल्या की बायकांचे आवाज वर येतात.

तुलना करताना एक काळजी घ्या. जास्त मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. इक्वलायझर चालू-बंद करून बघताना दोन्ही वेळेला आवाज सारखा मोठा ठेवा, नाहीतर तुम्ही फक्त मोठेपणाला पसंती द्याल. आणि एका बैठकीत खूप वेळ पट्ट्या हलवू नका, कान थकतो. संध्याकाळी लावलेलं सकाळी पुन्हा ऐका.

पट्ट्या हलवून काहीच फरक पडत नसेल तर त्याचं कारण असं: अँड्रॉइडवर गाण्याच्या अ‍ॅपने "मी वाजवतोय" असं इक्वलायझरला कळवावं लागतं, आणि सगळी अ‍ॅप ते कळवत नाहीत. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गाणं लावून बघा, किंवा ज्यात स्वतःचा इक्वलायझर आहे असाच प्लेअर घ्या. तुमचा हेडफोन नामांकित कंपनीचा असेल तर वेव्हलेट या अ‍ॅपमध्ये हजारो हेडफोनच्या तयार दुरुस्त्या आहेत. तिथून सुरुवात केली की निम्मं काम होतं. आयफोनवर सेटिंगमधला इक्वलायझर फक्त अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपला लागतो. बाकी अ‍ॅपसाठी त्यांच्या आतलाच वापरावा लागतो.

चांगलं चाललेला आवाज पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सपाट होत असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी फोनने इक्वलायझर बंद केलाय. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा आणि त्याचं नोटिफिकेशन बंद करू नका.

परवानग्याही बघा. नाचणाऱ्या रेषा दाखवणारा इक्वलायझर माईकची परवानगी मागतो, कारण अँड्रॉइडमध्ये त्या रेषांसाठी तीच लागते. पण कॉन्टॅक्ट किंवा एसएमएस मागणारं अ‍ॅप लगेच काढा. आवाजासाठी त्यातल्या कशाचीच गरज नसते.

आबांची मांडणी

आमच्या अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत एक आबा आले होते, सत्तरीच्या पुढचे. नातवाने त्यांना फोनमध्ये भजनं भरून दिलेली. म्हणाले, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. नातवाने बिचाऱ्याने प्रेमापोटी पाचही पट्ट्या वर नेल्या होत्या. सगळ्या वर नेणं म्हणजे काहीच न करणं, वर फाटणं फुकट. मी ६० तळाला नेली, २३० उणे ३, ९१० शून्यावर, ३६०० अधिक ४, वरची शून्यावर. वयाबरोबर बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं आणि शब्दांतले "क", "त", "स" तिथेच राहतात. आबांनी फोन कानाजवळ न नेता, हातभर लांब धरून अख्खा अभंग ऐकला आणि सोबत ओठ हलवले. घरात कुणी वडीलधारं असेल तर ही मांडणी आज लावून बघा.

इथे थांबा

सगळे इक्वलायझर बंद, जाळी साफ, दोन-तीन वेगळी गाणी लावली, तरी रिंगर खरखरतो: पडदा गेलाय. तो बदलावा लागतो. बऱ्याच साध्या फोनमध्ये हे लहान आणि स्वस्त काम आहे, पण मागचं पॅनल गरम करून काढावं लागतं, आतल्या स्ट्रिप (पातळ वायरपट्ट्या) नाजूक असतात आणि पाण्यापासूनचं सील तुटतं. यूट्यूब बघून घरी उघडू नका. वॉरंटी असेल तर माझ्यासारख्याकडेही येऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

जॅक स्वच्छ, दोन-तीन हेडफोन बदलून बघितले, तरी एकच कान वाजतो किंवा पिन हलवली की आवाज येतो-जातो: जॅकच्या आतली पत्ती सैल झालीये. काही फोनमध्ये जॅक चार्जिंग बोर्डावर असतो, काहींमध्ये मुख्य बोर्डावर; कारागिराला आधी ते विचारा, खर्चात फरक पडतो. रिंगर, हेडफोन, ब्लूटूथ सगळीकडे आवाज बंद आणि फोन वारंवार अडकतो, तर ते बोर्डावरचं काम आहे. मायक्रोस्कोप असलेल्या माणसाकडेच द्या.

फवारणी करताना किंवा पावसात फोन भिजला असेल तर गाणं लावून बघायचंही नाही. बंद करा, चार्जिंग लावू नका, कपड्याने टिपा, जाळी खाली करून वाऱ्यावर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे आणा. तांदळात पुरू नका, त्याची पावडर भोकात जाते. हेअर ड्रायरही नको.

मागचं पॅनल किंवा स्क्रीन वर उचललेली दिसली तर आवाजाचा विषय सोडा. बॅटरी फुगलीये. दाबू नका, चार्ज करू नका, त्याच दिवशी दाखवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगतं. बाकीचे फोनही काही वेगळ्या मातीचे नाहीत. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवून पूर्ण आवाजात गाणी वाजवली की बॅटरी आणि रिंगर दोन्ही भाजून निघतात.

आणि फोन सगळीकडे बरा आहे, दुसऱ्याला दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतात, पण तुम्हाला एका कानात कमी येतं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मळ असेल तर दहा मिनिटांत निघेल. कानात शिट्टी वाजत राहत असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी जा, थांबू नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचं ऐकणं सुरक्षित मानते, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. रोज रात्री पूर्ण आवाजात इअरफोन लावून झोपणारी पोरं मी बघतो, त्यांना हे समोर बसवून सांगतो.

दुरुस्तीला फोन आणाल तेव्हा ज्या गाण्यावर दोष दिसतो ते गाणं फोनमध्ये उतरवून आणा आणि तोच हेडफोन सोबत आणा. इक्वलायझरच्या तुमच्या मांडणीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे काम करताना बंद केलेलं परत लावता येईल. रिंगर बदलल्यावर पैसे देण्याआधी दुकानातच तेच गाणं इक्वलायझर बंद ठेवून, निम्म्या आवाजावर आणि मग पूर्ण आवाजावर ऐकून घ्या.